डोळ्यांचं ऐकायचं की पायांचं? रोबोट जागा कशी ओळखतो

स्टेशनात आपली गाडी उभी असते. खिडकीतून शेजारच्या रुळावरची गाडी दिसत असते आणि ती हळूच सरकायला लागते. क्षणभर खात्रीच पटते, सुटली आपली गाडी. मग तिचा शेवटचा डबा निघून जातो, पलीकडच्या फलाटावरचा खांब जागच्या जागी दिसतो आणि आपण मनातल्या मनात ओशाळतो.

डोळ्यांनी यात काही चूक केलेली नसते. खिडकीतलं दृश्य सरकत होतं आणि त्यांनी तेवढंच कळवलं. त्याचा अर्थ लावताना मेंदू फसला. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. तिला वेगातला बदल कळतो, एकसारखा वेग कळत नाही. गाडी खरोखरच अगदी संथपणे सुटली असती तरी ती गप्पच बसली असती. त्यामुळे तिच्या गप्प बसण्याला मेंदू फारशी किंमत देत नाही आणि डोळ्यांचं ऐकतो. एरवी हा हिशेब बरोबर येतो, म्हणून तर तो आपल्याला कधी जाणवतही नाही.

चालत्याफिरत्या रोबोटला हा हिशेब दर सेकंदाला अनेकदा करावा लागतो. त्याच्याकडे सेन्सर भरपूर असतात, पण प्रत्येकाची खोड वेगळी. चाकं किती फिरली हे मोजणारा एन्कोडर प्रामाणिक असतो, पण ओल्या फरशीवर चाक जागच्या जागी फिरलं तरी तो अंतर मोजतच राहतो. वळण मोजणाऱ्या जायरोस्कोपची चूक अगदी बारीक असते, मात्र ती साठत जाते. दिशेत फक्त एका अंशाची चूक झाली तरी १०० मीटर पुढे गेल्यावर रोबोट जवळपास पावणेदोन मीटर बाजूला असतो, म्हणजे दाराऐवजी भिंतीसमोर. कॅमेऱ्याला पांढऱ्या कोऱ्या भिंतीत काही सापडत नाही आणि उन्हाची तिरीप आली की तो आंधळा होतो. लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडारला काच दिसत नाही. जीपीएस तर छताखाली गेलं की संपलंच.

अशा वेळी सहज सुचणारा उपाय म्हणजे आणखी एक सेन्सर बसवणे. पण त्याने अडचण फक्त पुढे सरकते. पाच सेन्सरांनी पाच उत्तरं दिली तर कुठलं धरायचं? माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न एवढाच आहे, आणि मेंदूकडून शिकण्यासारखं जे आहे तेही इथेच आहे.

ज्याची चूक कमी, त्याला वजन जास्त

आधी थोडं गणित, शाळेतलंच. समजा समोरची भिंत कॅमेऱ्याच्या अंदाजाने १० मीटरवर आहे आणि या अंदाजात साधारण १ मीटरची चूक असू शकते. चाकांच्या हिशेबाने ती १२ मीटरवर आहे आणि तिथे २ मीटरची चूक असू शकते. सरळ सरासरी काढली तर ११ येतात, पण तो कॅमेऱ्यावर अन्याय आहे. योग्य रीत अशी, की चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचं. कॅमेऱ्याला १, चाकांना एक चतुर्थांश, म्हणजे ४ ला १. उत्तर येतं १०.४ मीटर. खरी गंमत पुढे आहे. या एकत्र उत्तरातली संभाव्य चूक ०.९ मीटरच्या आसपास येते, कॅमेऱ्याच्या एकट्याच्या चुकीपेक्षाही कमी. म्हणजे कमी भरवशाचा सेन्सरसुद्धा योग्य वजनाने मोजला तर उपयोगी पडतो, त्याला हाकलून द्यायची गरज नसते.

माणसाचा मेंदू हेच करतो का? मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी हे तपासून २००२ साली ‘नेचर’मध्ये छापलं. लोकांना एका उंचवट्याची उंची डोळ्यांनी आणि बोटांनी एकाच वेळी जोखायला सांगितली. मग दिसणारं चित्र मुद्दाम धूसर, गोंधळाचं केलं. चित्र जितकं बिघडत गेलं तितके लोक नकळत बोटांवर अधिक विसंबायला लागले, आणि तेही गणिताने वर्तवलेल्या प्रमाणाच्या अगदी जवळ. त्यांच्यापैकी कोणी मनात वर्ग आणि व्यस्त प्रमाण मांडत नव्हतं, हे सांगायला नको.

मग हे गणित मेंदूत होतं कसं? २००६ साली वेई जी मा, अलेक्झांडर पुजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक देखणी कल्पना मांडली. एखादं मोजमाप मेंदूत एका चेतापेशीत नसतं, पेशींच्या अख्ख्या समूहात पसरलेलं असतं. माहिती भरवशाची असेल तर तो समूह जोरात पेटतो, म्हणजे त्याच्या पेशी भराभर संकेत सोडतात, संदिग्ध असेल तर मंद. आता डोळ्यांचा समूह आणि स्पर्शाचा समूह यांच्या हालचालींची नुसती बेरीज केली, तर जोराने पेटलेल्याचा प्रभाव आपोआप जास्त पडतो. वजनं काढणारा कारकून वेगळा नेमावा लागत नाही. बेरजेतच वजनं येतात.

पण हे शिकावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. मोनिका गोरी, ज्युलिओ सांदिनी आणि इतरांनी २००८ मध्ये लहान मुलांवर असाच प्रयोग केला. आठेक वर्षांखालची मुलं नजर आणि स्पर्श यांची अशी सांगड घालत नाहीत असं दिसलं. ती एका वेळी एकाच इंद्रियाचं ऐकतात, बहुधा शरीर वाढत असताना दोन्हींचा मेळ अजून बसायचा असतो म्हणून. यातले सांदिनी हे इटलीत जेनोव्हा इथे घडलेल्या ‘आयकब’ या लहान मुलाच्या आकाराच्या रोबोटमागचे एक प्रमुख शास्त्रज्ञ. मूल कसं शिकतं आणि रोबोटने कसं शिकावं हे दोन प्रश्न तिथे जवळजवळ एकाच छपराखाली हाताळले जातात. आयकबच्या अंगावर स्पर्श ओळखणारी कृत्रिम त्वचा आहे. वस्तू जवळ येताना डोळ्यांना काय दिसलं आणि नंतर त्वचेला कुठे लागलं याची जोडी लावत लावत तो आपल्या शरीराभोवतीची जवळची जागा ओळखायला शिकतो. हात लागायच्या आतच अंग चोरतो, आपल्यासारखाच.

सरासरी भिंतीत नेते

वरचं गणित एका गोष्टीवर उभं आहे. दोन्ही सेन्सर एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत असं ते गृहीत धरतं. ते खरं नसेल तर?

एखाद्या मोठ्या इस्पितळात औषधं पोचवणारा रोबोट घ्या. दोन मजले किंवा दोन कॉरिडॉर हुबेहूब सारखे, तीच दारं, तेच दिवे. कॅमेरा म्हणतो, ‘हा डावीकडचा कॉरिडॉर.’ चाकांचा हिशेब म्हणतो, ‘उजवीकडचा.’ वजन लावून सरासरी काढली तर रोबोट दोन्हींच्या मध्ये येतो, म्हणजे भिंतीच्या आत. थोडा फरक असेल तर मधला मार्ग काढावा, फार फरक असेल तर एकाचंच ऐकावं आणि दुसऱ्याला तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं. हे ओळखता आलं पाहिजे. बोलक्या बाहुल्यांच्या खेळात आवाज बाहुलीच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो, कारण आवाजाची जागा आणि हलणारं तोंड जवळजवळ असतात. बाहुली रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला नेली की जादू मोडते. मेंदूने दोन घटना वेगळ्या मानलेल्या असतात.

रोबोटशास्त्रात यासाठी जुनी, भक्कम साधनं आहेत. १९६० साली रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेला फिल्टर आजही विमानांपासून फोनपर्यंत सगळीकडे आहे आणि तो वजनांचं हेच गणित करतो. पण साध्या काल्मन फिल्टरला एका वेळी एकच अंदाज धरता येतो. ‘मी इथे तरी आहे किंवा तिथे तरी’ असं त्याला म्हणता येत नाही. त्यासाठी वेगळ्या, जड पद्धती वापराव्या लागतात. मेंदूने मात्र या दोन्ही गोष्टी एकाच रचनेत बसवल्या आहेत, आणि ती रचना सापडली उंदरांच्या डोक्यात.

उंदराच्या डोक्यातला नकाशा

लंडनमध्ये जॉन ओ'कीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात विचित्र पेशी आढळल्या. उंदीर खोलीच्या एका ठरावीक कोपऱ्यात गेला की एक पेशी पेटायची, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी. या स्थानपेशी. १९८४ मध्ये जेम्स रँक यांना दिशापेशी सापडल्या. उंदराचं डोकं एका विशिष्ट दिशेला वळलेलं असलं की त्या पेटतात, मग तो खोलीत कुठेही असो. पुढे २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेने ग्रिड सेल दाखवल्या. यातली एकेक पेशी एका जागी न पेटता अनेक जागी पेटते, आणि त्या जागा जोडल्या तर जमिनीवर षट्कोनांची नक्षी उमटते. ओ'कीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं ते यासाठीच.

आपल्या कामाची मेख दिशापेशींमध्ये आहे. जेफ्री टॉब आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदराला एका गोल भांड्यात सोडून भिंतीवर एक पांढरा कागद लावला. मग कागद फिरवला. सगळ्या दिशापेशींची ‘उत्तर दिशा’ कागदाबरोबर फिरली, म्हणजे उंदीर डोळ्यांचं ऐकत होता. पण दिवे घालवले तरी या पेशी थांबत नाहीत. उंदीर अंधारात वळला की शरीराच्या हालचालींवरून दिशेचा हिशेब चालू राहतो, फक्त हळूहळू भरकटतो. थोडक्यात, अंधारात आतला हिशेब आणि उजेडात खुणा पाहून त्याची दुरुस्ती. रोबोटलाही नेमकं हेच हवं असतं.

हे घडवणारं जाळं कसं असावं, याचा अंदाज सैद्धांतिक शास्त्रज्ञांनी बराच आधी बांधला होता. पेशी एका वर्तुळात मांडल्या आहेत असं समजा, प्रत्येक पेशी एका दिशेची. शेजारच्या पेशी एकमेकींना चेतवतात आणि लांबच्या पेशींना दाबतात. अशा वर्तुळात एका वेळी एकच ठिकाण पेटलेलं राहू शकतं. पालखीच्या वाटेवरचं गोल रिंगण डोळ्यांसमोर आणा. अश्व जिथून धावतो तिथे जल्लोष उसळतो, बाकीचं वर्तुळ वाट पाहत असतं. वारकरी आपापल्या जागी उभे असतात, जल्लोष मात्र गोल फिरतो. मेंदूतल्या वर्तुळात अश्वाशिवायच जल्लोष टिकून राहतो, कारण शेजारी शेजाऱ्याला चेतवत असतो. डोकं डावीकडे वळलं की वळण मोजणाऱ्या पेशी त्या पेटलेल्या ठिकाणाला तेवढंच डावीकडे ढकलतात. समोर ओळखीची खूण दिसली की ती वर्तुळातल्या आपल्या दिशेच्या पेशींना जोर देते.

आता वादाचा निकाल कसा लागतो ते पाहू. खूण सांगत असलेली दिशा पेटलेल्या ठिकाणाच्या जवळच असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि ते ठिकाण थोडं सरकून मध्ये येतं. झाली सरासरी. खुणेची दिशा अगदी विरुद्ध बाजूला असेल, तर मिसळता येत नाही, कारण लांबच्या पेशी एकमेकींना दाबतात. तिथे एकच जिंकतो. खुणेचा जोर कमी पडला तर ती विझून जाते. जोर पुरेसा आणि पुरेसा वेळ राहिला तर जुनं ठिकाण विझतं आणि नवं पेटतं. मध्यम मार्ग कधी आणि उडी कधी, हे ठरवायला वेगळा नियम लिहावाच लागत नाही. पेशींच्या जोडणीतूनच दोन्ही वागणुकी निघतात. मला तरी या सगळ्या विषयात याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

आणि हे वर्तुळ नुसतं कागदावर राहिलं नाही. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात योहानेस सीलिग आणि विवेक जयरामन यांनी २०१५ मध्ये फळमाशीच्या मेंदूत ते प्रत्यक्ष पाहिलं. माशीच्या मेंदूच्या मधोमध एक कडं असतं आणि त्यात पेटलेलं एकच ठिकाण माशी वळेल तसं फिरत होतं, अंधारातसुद्धा. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने प्रकाशाच्या साहाय्याने कड्यावर दुसऱ्या ठिकाणी कृत्रिमरीत्या जोर दिला, तेव्हा पहिलं विझून दुसरं पेटलं. सैद्धांतिक वर्तुळ आणि खरं वर्तुळ इतकं हुबेहूब जुळावं, हे जीवशास्त्रात वारंवार घडत नाही.

ब्रिस्बेनच्या रस्त्यावर कृत्रिम उंदीर

ही रचना उचलून चाकांवर बसवण्याचं काम ऑस्ट्रेलियात झालं. क्वीन्सलँड विद्यापीठात मायकेल मिलफर्ड आणि गॉर्डन वायेथ यांनी २००४ मध्ये रॅटस्लॅम नावाची प्रणाली मांडली. स्लॅम म्हणजे अनोळखी जागेत फिरता फिरता नकाशा बनवायचा आणि त्याच नकाशात आपण कुठे आहोत तेही शोधायचं. अंडं आधी की कोंबडी आधी, असा हा प्रश्न. जागा कळली तर नकाशा बनेल आणि नकाशा असेल तर जागा कळेल.

रॅटस्लॅमच्या गाभ्याशी वरच्या वर्तुळाचाच विस्तार आहे. वर्तुळात फक्त दिशा होती. इथे कृत्रिम पेशी तीन अक्षांवर मांडल्या आहेत, दोन जमिनीवरच्या जागेसाठी आणि तिसरा दिशेसाठी. शेजाऱ्याला चेतवणं आणि लांबच्याला दाबणं तसंच. चाकांची किंवा कॅमेऱ्यातून काढलेली हालचाल पेटलेल्या पेशींच्या पुंजक्याला पुढे ढकलते. दुसरीकडे दृश्यांच्या पेशी असतात. कॅमेऱ्यात नवं दृश्य आलं की एक नवी पेशी त्याच्या नावाने राखून ठेवली जाते आणि त्या क्षणी पेटलेल्या पुंजक्याशी तिचा धागा जोडला जातो. पुन्हा कधी तेच दृश्य दिसलं की ही पेशी त्या धाग्यावरून जुन्या जागेला जोर देते.

इथे सगळी भिस्त संयमावर आहे. एखादं दृश्य एकदाच ओळखीचं वाटलं तर पुंजका हलत नाही, कारण सारखी दिसणारी घरं शहरात ढीगभर असतात. एकामागून एक, योग्य क्रमाने ओळखीची दृश्यं येत राहिली की मगच जुन्या जागेवरचा जोर साठतो आणि पुंजका उडी घेतो. मधल्या काळात दोन-तीन पुंजके एकमेकांशी झुंजत राहू शकतात. ‘इथे किंवा तिथे’ हे उत्तर या जाळ्याला देता येतं ते असं. याला एक बारीक पुरवणीही आहे. रोबोट एकाच जागी थांबून तेच दृश्य पाहत राहिला तर त्या दृश्याचा जोर हळूहळू ओसरवला जातो. नाहीतर लाल दिव्यापाशी नुसतं उभं राहूनच खोटा पुरावा साठला असता.

पेशींची संख्या मर्यादित असते आणि शहर मोठं, म्हणून हा पेशींचा ठोकळा कडेला गुंडाळलेला असतो. उजव्या कडेतून बाहेर पडलेला पुंजका डाव्या कडेतून आत येतो. याचा अर्थ, एकच पेशी शहरातल्या अनेक जागांसाठी वापरली जाते. ग्रिड सेल जगासमोर आल्या त्या रॅटस्लॅम मांडल्यानंतर, आणि त्यांची वागणूक या गुंडाळलेल्या पेशींसारखीच निघाली. अभियंत्यांनी जागा वाचवायला केलेली युक्ती उंदराच्या मेंदूत आधीपासून होती. २०१० मध्ये मिलफर्ड, वायेथ आणि जॅनेट वाइल्स यांनी याच धाग्यावरून एक प्रश्न उलटा विचारला: उंदीर ग्रिड सेलचा उपयोग संदिग्धता पेलण्यासाठी, म्हणजे एकाहून अधिक शक्यता धरून ठेवण्यासाठी तर करत नसेल? रोबोटवरून जीवशास्त्राला प्रश्न जाण्याची अशी उदाहरणं थोडी.

एकच पेशी अनेक जागांची, तर मग नकाशा कुठे असतो? त्यासाठी तिसरा थर आहे, अनुभवांचा नकाशा. कुठला पुंजका आणि कुठलं दृश्य यांची जोडी म्हणजे एक अनुभव. अनुभव एकमेकांना अंतर आणि दिशेच्या दुव्यांनी जोडलेले असतात. रोबोट फेरी मारून जुन्या जागी आला आणि त्याने ती ओळखली, की साठलेली चूक साऱ्या दुव्यांवर थोडी थोडी वाटली जाते आणि वाकडा नकाशा सरळ होत जातो.

२००८ मध्ये मिलफर्ड-वायेथ या जोडगोळीने ब्रिस्बेनच्या सेंट लुशिया उपनगरात गाडी फिरवली, ६६ किलोमीटर. सेन्सर म्हणून फक्त एक वेबकॅम, सेकंदाला १० चित्रं. जीपीएस नाही, लायडार नाही. प्रणालीने ५१ हून जास्त फेऱ्या बरोबर जुळवल्या, त्यातल्या काही ५ किलोमीटर लांबीच्या. नकाशा मोजपट्टी लावून बरोबर नव्हता, रस्ते कुठे ताणलेले तर कुठे आखडलेले होते. पण कोणता रस्ता कुठल्या रस्त्याला मिळतो हे चोख होतं. पुढच्या प्रयोगात एका रोबोटला कार्यालयात दोन आठवडे पोस्टमन केलं. त्याने ११ ठिकाणी मिळून १,१४३ वेळा माल पोचवला, ४० किलोमीटरहून जास्त फिरला, २३ वेळा स्वतः जाऊन चार्जिंग केलं आणि फक्त एकदा चुकला. त्या चुकीतूनही तो आपणच सावरला.

कान, डोळे आणि जुळवणी

सेन्सरांची सांगड घालायची तर ते एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. कॅमेरा दोन अंश तिरका बसला तर त्याची ‘समोर’ आणि मायक्रोफोनची ‘समोर’ वेगळी पडते. गव्हाणी घुबड अंधारात नुसत्या आवाजावरून उंदीर पकडतं, म्हणून या जुळवणीचा अभ्यास करायला ते उत्तम. एरिक नुडसेन यांनी घुबडाच्या पिल्लांना दृश्य बाजूला सरकवणारे चष्मे लावले. काही आठवड्यांत पिल्लांच्या मेंदूतला आवाजांचा नकाशाही तेवढाच सरकला. डोळ्यांनी कानांना आपल्या मापाने दुरुस्त केलं होतं. घुबडाच्या या जाळ्याची प्रतिकृती करून एका यंत्राला आवाजाकडे नजर वळवायला शिकवण्याचा प्रयत्न १९९९ मध्येच झाला होता. कारखान्यात एकदा कॅलिब्रेशन करून विसरून जाण्यापेक्षा चालता चालता जुळवून घेणं केव्हाही बरं, कारण रोबोट धडपडतो आणि कॅमेरे हलतात.

पायांबद्दलही एक किस्सा सांगण्याजोगा आहे. ट्युनिशियाच्या वाळवंटातल्या मुंग्या अन्न शोधून सरळ रेषेत बिळाकडे परततात. २००६ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात अन्नापाशी पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे केस चिकटवून पाय लांब केले आणि काहींचे आखूड केले. बीळ १० मीटरवर होतं. लांब पायांच्या मुंग्या त्याच्या बऱ्याच पुढे निघून गेल्या आणि आखूड पायांच्या अर्ध्या वाटेच्या जरा पुढे थांबून बीळ शोधायला लागल्या. मुंगी पावलं मोजते, हे यातून दिसलं. दिशेसाठी तिला आकाशातला ध्रुवित, म्हणजे एकाच ठरावीक दिशेत कंप पावणारा, प्रकाश पुरतो. मार्सेयमध्ये २०१९ साली बनवलेला सहा पायांचा अँटबॉट हेच करतो: पावलं, आकाश आणि खालून सरकणारी जमीन. जीपीएसशिवाय तो डझनभर मीटर हिंडून परत येतो आणि त्याची चूक सेंटिमीटरांत मोजावी इतकी असते.

विजेचं बिल

माणसाचा मेंदू जेमतेम २० वॉटवर चालतो. बॅटरीवर फिरणाऱ्या रोबोटचा संगणक तेवढी वीज सहज खातो, तीही याच्या शतांश काम करताना. फरकाचं एक कारण असं, की साधा कॅमेरा काहीच बदललं नाही तरी पूर्ण चित्र पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. डोळ्याचा पडदा तसं करत नाही. मिशा माहोवाल्ड यांनी कॅलिफोर्नियात कार्व्हर मीड यांच्याबरोबर १९९० च्या सुमारास सिलिकॉनचा नेत्रपटल बनवला. त्याच वाटेवर पुढे इव्हेंट कॅमेरे आले. यात प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र असतो आणि आपल्या जागी उजेड बदलला तरच बोलतो, तोही मायक्रोसेकंदांच्या हिशेबात. बोगद्यातून अचानक उन्हात आल्यावर साधा कॅमेरा पांढरा पडतो, हा नाही. पण समोर सगळं स्थिर असेल तर याला जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून साधा कॅमेरा लागतोच. पुन्हा सांगड आलीच.

इव्हेंट कॅमेऱ्याच्या या तुटक ठिणग्या, म्हणजे सुटे सुटे संकेत, पचवायला तशाच ठिणग्यांनी बोलणारी जाळी आणि चिप लागतात. आयबीएमची ट्रूनॉर्थ २०१४ मध्ये आणि इंटेलची लोइही २०१७ मध्ये आली. बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठाने २०१९ मध्ये तियानजिक ही चिप दाखवली. ती ठिणग्यांची जाळी आणि नेहमीची डीप लर्निंगची, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून शिकणारी, जाळी एकत्र चालवते, आणि तिने एक सायकल चालकाविना तोल सांभाळत चालवून दाखवली. २०२३ मध्ये त्याच विद्यापीठातल्या गटाने चार पायांच्या रोबोटवर जागा ओळखण्याची पूर्ण यंत्रणा बसवली. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रांसाठी नेहमीचं जाळं, इव्हेंट कॅमेऱ्यासाठी ठिणग्यांचं आणि स्थानाच्या माहितीसाठी वरच्या रिंगणाच्या जातीचं. उजेड बदलला किंवा जागा एकसारख्या दिसल्या की एक जाळं अडखळतं, तेव्हा बाकीची दोन सावरून घेतात.

हे वाचून उद्या घरातला व्हॅक्यूम रोबोट उंदरासारखा विचार करेल असं कोणी समजू नये. बाजारात मिळणारे बहुतेक फिरते रोबोट आजही काल्मनच्या वंशातली गणितं, लायडार आणि साधी डीप लर्निंग यांवर चालतात, आणि मोजूनमापून अचूकता हवी असेल तिथे ती वाट बरोबरही आहे. रॅटस्लॅमसारख्या प्रणालीत जोर किती, दाब किती, ओसरण्याचा वेग किती, हे आकडे बरेचसे हाताने बसवावे लागतात. शिवाय ‘मेंदूवरून प्रेरित’ हे बिरूद जाहिरातीत कोणीही लावतं. माझी कसोटी साधी आहे: मेंदूतली नेमकी कुठली गोष्ट उचलली, आणि ती काढून टाकली तर काय बिघडतं, हे सांगता आलं पाहिजे.

मिलफर्ड आणि वायेथ यांनी स्वतःच हा प्रयोग करून पाहिल्यासारखं झालं. २०१२ मध्ये त्यांनी सेकस्लॅम नावाची पद्धत आणली. तिच्यात पेटणाऱ्या पेशी नाहीत, पुंजके नाहीत. ठेवली ती एकच गोष्ट: एका चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, चित्रांच्या लांब ओळीवर ठेवायचा. एवढ्या बळावर तिने उन्हाळ्यातल्या लख्ख दिवशी पाहिलेला रस्ता हिवाळ्यातल्या पावसाळी रात्री ओळखला.